खरा वस्तरा घरी: सोलिंगेन ५/८ चा रिव्ह्यू, आणि त्यातच पट्ट्याचाही

सरळ मुद्द्यावर येतो. मी वापरतोय तो वस्तरा जर्मनीतल्या सोलिंगेनचा, कार्बन स्टीलचा, रुंदी ५/८, पातं फुल हॉलो, टोक गोल. वस्तू म्हणून पाचपैकी साडेचार. पण या वस्तऱ्यामुळे गुळगुळीत दाढी होते का असं विचाराल तर वस्तऱ्यामुळे निम्मीसुद्धा होत नाही, बाकीची पट्ट्यामुळे (वस्तरा परजायची चामड्याची लांब पट्टी) आणि डाव्या हातामुळे होते, आणि हे कुठलाही दुकानदार सांगत नाही कारण डावा हात तुमच्याकडे आधीच असतो, तो त्याला विकता येत नाही.

आता आधी वस्तूबद्दल. ५/८ म्हणजे पाठीपासून धारेपर्यंत पात्याची रुंदी, ती इंचाच्या आठव्या भागात मोजतात. ४/८ पासून ८/८ पर्यंत सगळं मिळतं, पण पहिला घेताना ५/८ किंवा ६/८ च घ्या, ८/८ चं धूड नाकाखाली कसं घुसवायचं हे शिकण्यात आयुष्य घालवायचं नसेल तर. फुल हॉलो म्हणजे पातं दोन्ही बाजूंनी इतकं पोखरून काढलेलं असतं की धारेजवळचा पत्रा नखावर टेकवला तर किंचित लवताना दिसतो (दिसतो म्हणून करून बघत बसू नका, धार जाते). या पोखरण्याचा एक फायदा असा की पातं वाजतं. खरंच वाजतं, खुंटांवरून फिरताना बारीक किणकिणल्यासारखा आवाज येतो आणि जरा सवय झाली की त्या आवाजावरून कळतं कोन बरोबर आहे की नाही, फेस सुकलाय का, धार उतरायला लागलीय का. जाड पाचरीसारखं पातं असतं ना, इंग्लंडमधल्या जुन्या शेफिल्डच्या वस्तऱ्यांना असायचं, ते मुकं असतं. त्याची मजा वेगळी, राठ दाढीवाल्याला तेच आवडतं, पण नवीन माणसाला आवाजाची मदत सोडवत नाही.

टोक गोलच घ्या. चौकोनी टोक मिशीची कडा काढायला उत्तम, पण कानाच्या पाळीलाही तितकंच उत्तम लागतं.

सोलिंगेनबद्दल दोन शब्द, कारण लोक विचारतात की चार-पाचशे रुपयांत ऑनलाइन वस्तरा मिळतोय मग हा दहा-पंधरा हजारांचा कशाला. सोलिंगेन हे कलोन-ड्युसेलडॉर्फच्या जवळचं गाव, शेकडो वर्षं तलवारी, सुऱ्या, कात्र्या करणारं, आणि १९३८ पासून तिकडे कायदाच आहे की हे नाव पात्यावर टाकायचं तर माल त्या भागात बनलेला पाहिजे. म्हणजे शिक्का खरा असेल तर निदान स्टील आणि पाणी देणं, म्हणजे ते तापवून, थंड करून कडक करणं, याची काळजी मिटते. ऑनलाइन मिळणारे नक्षीदार, लाकडी मुठीचे, पात्यावर लाटा लाटा दिसणारे जे स्वस्त वस्तरे असतात त्यातले बरेचसे फोटो काढायलाच बनवलेले असतात. पाठ वाकडी, पातं पिळलेलं, स्टील मऊ. त्याला जगातला कुठलाही दगड धार देऊ शकत नाही आणि दिली तरी ती एका गालापुरती टिकते. आणि बिचारा घेणारा समजतो की आपल्यालाच जमत नाहीये. पैसे वाचवायचेच असतील तर जुना चांगला घ्या, त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

एक मात्र. नवा कोरा वस्तरा डब्यातून काढून थेट गालाला लावायचा नाही. कारखान्यातून आलेली धार बऱ्याचदा दाढीच्या लायकीची नसते, चांगल्या नावाच्या वस्तऱ्यांचीही नसते, ती कुणीतरी दगडावर बसून पुरी करावी लागते. घेतानाच विकणाऱ्याला विचारा की हाताने धार लावून देता का, म्हणजे शेव्ह-रेडी देता का. तो "एकदम शार्प आहे सर" म्हणाला आणि पुढे कागद कापून दाखवायला लागला तर समजून जा. कागद कुठलंही पातं कापतं. पट्ट्यावर फिरवून झाल्यावर एका हातात धरलेला केस नुसता धारेवर टेकवला आणि तुटून पडला तर ती दाढीची धार.

आता अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्याचा विषय. हल्ली सलूनमध्ये आपल्याला तोच दिसतो, डबल एज, म्हणजे दोन्ही बाजूंना धार असलेलं, ब्लेड कागदासकट मधून मोडायचं, अर्धं खाचेत सरकवायचं, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं. हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही हे रक्तातून पसरणारे आजार, त्यामुळे सलूनमध्ये हेच पाहिजे, त्यात वादच नाही, आणि तुमचा कारागीर ब्लेड बदलत नसेल तर खुर्चीतून उठा. पण घरी शिकणाऱ्याला सगळे जण जो सल्ला देतात की आधी दोनशे-तीनशेचा अर्ध्या ब्लेडचा घे, त्यावर हात बसव, मग खरा घे, तो मला अर्धाच पटतो. कारण ही दोन वेगळी हत्यारं आहेत. अर्धं ब्लेड जेमतेम दीड इंचाचं, त्याची दोन्ही टोकं उघडी आणि टोकदार, पातं ताठ, वजन काहीच नाही, आणि धार प्रचंड. ते माफ करत नाही. जरा दाब पडला, जरा आडवं सरकलं की रक्त. खऱ्या वस्तऱ्याची धार जवळजवळ तीन इंच लांब, पट्ट्यावर फिरवून मऊ केलेली, पाठीला वजन, त्यामुळे तो स्वतःच्या वजनाने चालतो आणि छोटी चूक पोटात घालतो. मग अर्ध्या ब्लेडवर शिकून काय होतं? माणूस घाबरायला शिकतो, हात आखडून धरतो, कोन खूप चपटा ठेवतो, आणि मग खरा वस्तरा हातात आला की त्याच चपट्या कोनात चालवतो, तो केस ओढतो, आणि हा म्हणतो की वस्तऱ्याला धार नाही.

तरी अर्धाच पटतो असं म्हटलं, म्हणजे अर्धा पटतो. आपल्याला हे सगळं झेपणार आहे का, सकाळी बाथरूममध्ये वीस-पंचवीस मिनिटं उभं राहायची हौस आहे का, हे तपासायला तो दोनशेचा वस्तरा एकदम बरोबर. फक्त त्यात पहिल्या दिवशी फेदरचं ब्लेड घालू नका, जपानी आहे, ब्लेड उत्कृष्ट आहे, पण नवशिक्यासाठी फारच तिखट. साधं मवाळ ब्लेड घाला.

बरं, आता पट्टा. माझ्या मते दहा-पंधरा हजारांतले शेवटचे दोन हजार जर कमी पडत असतील तर वस्तरा एक पायरी खालचा घ्या पण पट्टा घ्याच. दर दाढीच्या आधी वस्तरा पट्ट्यावर फिरवायचाच असतो, आधी कापडाच्या पट्ट्यावर वीस-तीस वेळा, मग चामड्यावर पन्नास-साठ वेळा. दाढी करताना धारेचा सगळ्यात बारीक भाग इकडेतिकडे वळतो, पट्टा तो सरळ करतो. दगड धार घडवतो, पट्टा ती रोज उभी करतो. ज्याचा पट्टा चांगला त्याचा वस्तरा कित्येक महिने दगडाकडे जात नाही.

फिरवताना पाठ पुढे आणि धार मागे, पूर्ण चपटा, पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी चामड्याला टेकलेल्या. टोकाला पोचलं की वस्तरा पाठीवर उलटवायचा, धारेवर कधीच नाही, नाहीतर चामड्याला खाप पडते आणि धारही मोडते. पट्टा ताणून धरायचा पण दाब द्यायचा नाही. सिनेमात सटासट फिरवतात ना, तसं काही करायचं नसतं, वेगाने काही मिळत नाही. सुरुवातीला इतकं सावकाश करा की बघणाऱ्याला कंटाळा आला पाहिजे.

माझा पट्टा कोल्हापुरात करून घेतला, आणि हा या सगळ्यातला माझा सगळ्यात आवडता भाग. पट्ट्याला लागतं ते वनस्पतींनी कमावलेलं चामडं, क्रोमने कमावलेलं पर्सबिर्सचं चामडं फार मऊ आणि लिबलिबीत पडतं. आणि कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालूनच कमावतात की. (२०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते याच चपलेला, कोल्हापूर-सांगली-सातारा-सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून.) चप्पल लाइनला जाऊन एका कारागिराला तीन इंच रुंद, दीड-पावणेदोन फूट लांब, एकसारख्या जाडीची पट्टी पाहिजे म्हणालो तर आधी त्यांनी विचारलं, "काय, म्हशीला बांधायचा का?" मग वस्तऱ्यासाठी म्हटल्यावर माणूस एकदम खुलला, आत जाऊन आणखी एक तुकडा घेऊन आला, दोन्ही उन्हात धरून बघितले, हातावर घासून बघितले आणि म्हणाला हा न्या, त्या दुसऱ्यात नस आहे, नस लागली की पातं उडी मारतं. हे कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत! घरी आणून काचेच्या बाटलीने गुळगुळीत होईपर्यंत घासला, तळहाताने घासत राहिलो, आणि आता बाहेरच्या महागड्या पट्ट्यापेक्षा मला तरी तो कमी वाटत नाही. सुरुवातीला खरखरीत असतो, ही त्याची उणी बाजू, आणि एकसारखी जाडी मिळेलच याची खात्री नाही, निवडून घ्यावा लागतो. जुने कारागीर तर तळहातावरसुद्धा वस्तरा परजायचे, ते आपण करायचं नाही.

ज्यांना पट्ट्याला खापा पडायची भीती वाटते त्यांनी आधी वर्तमानपत्राची लांब घडी करून टेबलाच्या कडेला चिकटवा आणि त्यावर उलटवायची सवय करा. कागदावर वस्तरा बऱ्यापैकी परजला जातो, फुकट आहे, आणि फाटला तर उद्याचा पेपर येतोच.

आता दाढी. गरम पाण्याने अंघोळ झाल्यावरच करा, आधी नाही. केस पाणी पिऊन मऊ व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. ट्यूबमधला फेस किंवा स्प्रेचा फोम चालतो म्हणणारे असतात, पण वस्तऱ्याला ओला, निसरडा, जरा पातळसर फेस लागतो, ब्रशने केलेला. इथे आमच्याकडे पुण्यात एक वेगळीच भानगड आहे, सोसायटीला टँकर आणि बोअरचं पाणी, इतकं जड की साबणाचा फेसच होत नाही, ब्रशवर पांढरा चुरा जमतो आणि गालावर दोन मिनिटांत सुकतो. लोक साबणाला शिव्या देतात, बदलून बदलून इम्पोर्टेड साबण आणतात. काही करू नका, फेस करायला वाटीभर आरओ फिल्टरचं पाणी घ्या. दाढीचा साधा गोल साबणसुद्धा मग मस्त फुलतो.

पकड अशी: तीन बोटं पात्याच्या मागच्या दांडीच्या वर, अंगठा खालून, करंगळी शेपटीवर, वस्तऱ्याची मूठ वर उघडलेली. कोन अंदाजे तीस अंश. पाठ आणि गाल यांच्यामध्ये पाठीच्याच जाडीच्या दोन पाठी मावतील इतकी फट, असा हिशोब करा. कोन वाढला तर खरवडतं, कमी झाला तर ओढतं. हात, म्हणजे पात्याची एक चाल, एक-दीड इंचाचा, छोटा. आणि आडवं सरकवायचं कधीच नाही, धारेच्या दिशेने सुरीसारखं सरकलं की संपलं. दाब म्हणाल तर दुधावरची साय काढतो तितकाच, पातेल्याचा तळ गाठायचा नाहीये.

आणि इथेच डावा हात. जवळून दाढी होते ती दाबाने नाही, कातडी ताणल्याने होते. कातडी सैल असली की ती पात्यापुढे घडी घालते, पातं घडीवर चढतं आणि कापतं. ताणली की केसाचं मूळ जरा वर उभं राहतं, पातं सपाटीवरून जातं, आणि केस कातडीच्या अगदी लगत तुटतो. पुढच्या वेळी सलूनमध्ये बसाल तेव्हा कारागिराच्या उजव्या हाताकडे बघूच नका, डावा बघा. तो सतत हलत असतो. कल्ल्याजवळ वर ओढतो, गालावर मागे कानाकडे ओढतो, जबड्याखाली यायचं तर जबड्यावरची कातडी चक्क गालावर चढवतो आणि तिथे करतो, ओठाखाली करायचं तर हनुवटी दाबून खाली ओढतो, नाकाखाली नाकाचा शेंडा वर. बोटं ओली झाली की निसटतात, म्हणून त्याच्या खांद्यावर कोरडा टॉवेल असतो, बोटांचं टोक पुसायला. घरी तुरटीचा खडा हाताशी ठेवा, बोटं त्याला घासली की पकड येते, हे कामाचं आहे.

एक फरक मात्र लक्षात घ्या. कारागीर तुमच्या बाजूला किंवा मागे उभा असतो, त्याला सगळं सरळ दिसतं, त्याचे दोन्ही हात मोकळे. आपण आरशात उलटं बघतो आणि आपलाच हात आपल्याला आडवा येतो. उजव्या हाताने उजवा गाल सोपा, डाव्या गालासाठी हात तोंडावरून पलीकडे न्यावा लागतो आणि मूठ नेमकी डोळ्यांसमोर येते. यावर दोन मतं आहेत, काही जण म्हणतात डावा गाल डाव्या हाताने शिका, काही म्हणतात एकाच हाताने. मी डाव्या हाताच्या बाजूचा. सुरुवातीला लिहायला शिकल्यासारखं विचित्र वाटतं पण दिसतं नीट, आणि दिसलं की भीती जाते. ज्याला नाही जमत त्याने जबरदस्ती करू नये.

पहिले काही आठवडे फक्त दोन गाल वस्तऱ्याने करा आणि बाकीचं नेहमीच्या रेझरने. लाज वाटायचं कारण नाही, कोणी बघत नाही. गाल सपाट असतात, माफ करतात. मग जबडा, मग गळा, सगळ्यात शेवटी हनुवटी आणि वरचा ओठ. हनुवटी म्हणजे खरी परीक्षा, तिथे केस राठ, जागा गोल, आणि प्रत्येक हाताला कोन बदलत जातो, तिथे अर्धा इंचाचे हात घ्या. गळ्यावरच्या घाटीवरून वस्तरा सरळ नेऊ नका. कातडी एका बाजूला ओढून घाटीच्या शेजारी आणायची, तिथे सपाट जागा मिळते, मग दुसऱ्या बाजूला ओढून उरलेलं.

आणि हो, केस कुठल्या दिशेला वाढतात ते दोन दिवसांची दाढी वाढवून बोटाने चाचपून बघा. गळ्यावर बऱ्याच जणांचे केस खालून वर किंवा तिरके वाढतात, माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूला तर चक्क भोवरा आहे. पहिला हात, म्हणजे सगळ्या दाढीवरून पहिली फेरी, सुलटा, केसाच्या दिशेने. मग पुन्हा फेस लावून आडवा. तिसरा उलटा हात हा प्रत्येकाने मारलाच पाहिजे असं नाही. ज्यांना केस आत वाढायचा त्रास आहे, कुरळी दाढी आहे, त्यांनी तर उलटा हात सोडूनच द्यावा, दोन हातांत होते तेवढी दाढी ऑफिसला पुरते. गुळगुळीतपणाचं वेड फार वाईट, शेवटच्या दोन खुंटांसाठी माणूस रक्त काढतो.

झाल्यावर थंड पाणी आणि ओली तुरटी. तुरटी म्हणजे तुमच्या दाढीचा रिपोर्टच, जिथे झोंबली तिथे दाब दिला होतात. रोज जिथे झोंबते ती जागा लक्षात ठेवा, उद्या तिथे डावा हात जास्त ताणा. आफ्टरशेव्हची गरज मला वाटत नाही, वास आवडतो म्हणून लावा.

गंज. हा या वस्तूचा सगळ्यात मोठा दोष आपल्या हवेत, आणि त्याचाच अर्धा मार्क कापला. कार्बन स्टीलला धार पटकन आणि सुंदर चढते म्हणून लोक ते घेतात, पण ओलं राहिलं तर एका रात्रीत ठिपके. पुण्यात एकवेळ निभतं. गणपतीला कोकणात गावी गेलात, बाहेर पाऊस, भिंतींना ओल, कपाटातल्या कपड्यांना वास, तिथे हा वस्तरा आठ दिवस नुसता ठेवून बघा! दाढी झाली की पाठीकडून धारेकडे टिश्यूने पुसा, मुठीच्या आतल्या फटीत पाणी राहतं ते कापडाने काढा, थोडा वेळ उघडा ठेवा, मग पट्ट्याच्या कापडावर चार-सहा वेळा फिरवा म्हणजे धारेवरचा ओलावा जातो, आणि दोन दिवसांपेक्षा जास्त वापरणार नसाल तर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. खोबरेल लावणारे आहेत, पण ते थंडीत थिजतं आणि राहिलं की चिकट होतं. बाथरूममध्ये ठेवू नका. डब्यात तांदळाचे दाणे किंवा बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी ठेवा. हे सगळं नको असेल तर स्टेनलेसचा घ्या, गंजाची कटकट कमी, पण दगडावर त्याला धार चढवायला वेळ जास्त लागतो. लहान मुलं घरात असतील तर डबा कुलपात, हे सांगायलाच नको. आणि विमानात हँडबॅगेत चालत नाही, चेक-इनमध्येच टाका.

दगडाबद्दल थोडक्यात. धार घडवायला साधारण १००० ग्रिट (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक), मग ४०००, ८००० आणि शेवटी १२००० असा प्रवास असतो, दगडावर मात्र धार पुढे आणि पाठ मागे, पट्ट्याच्या उलट. पाठ सतत टेकलेली ठेवायची, कारण कोन त्या पाठीच्या जाडीतूनच ठरतो, हाताने कोन धरायचा नसतो, ही वस्तऱ्याची मोठी सोय. तरी पहिलं वर्ष या भानगडीत पडू नका, दगडांचा खर्च वस्तऱ्याएवढा होतो. कुरिअरने वस्तरा घेऊन धार लावून पाठवणारे हौशी लोक आहेत, वर्षातून एक-दोनदा त्यांच्याकडे पाठवा. स्वयंपाकघरातल्या विळीच्या दगडावर नको. आणि सायकलच्या चाकावर धार लावत गल्लीत फिरणारे काका येतात ना, त्यांना सुऱ्या द्या, कात्र्या द्या, वस्तरा चुकूनही दाखवू नका. फिरत्या चाकावर पातळ पातं क्षणात तापतं, पाणी उतरतं, पाठ झिजते, आणि मग तो वस्तरा पेन्सिलला टोक करायच्या लायकीचा राहतो.

जुन्या वस्तऱ्यांचं म्हणालो होतो. पुण्याचा जुना बाजार, मुंबईचा चोरबाजार, किंवा कुणाच्या आजोबांची ट्रंक, इथे शेफिल्ड-सोलिंगेनचे शिक्के अजून सापडतात आणि पाचशे-हजारात उत्तम पातं मिळून जातं. १९०३ मध्ये जिलेटचा सेफ्टी रेझर बाजारात आला, ब्लेड वापरा आणि फेका, तेव्हापासून हळूहळू हे सगळे वस्तरे ट्रंकेत गेले. त्यातले काही सात-सातच्या पेटीत यायचे, प्रत्येकाच्या पाठीवर वाराचं नाव कोरलेलं, सोमवारचा सोमवारी. घेताना पाठीवरच्या गंजाकडे बघू नका, धारेजवळ बघा. तिथे खड्डे असतील तर सोडा. धार मधे आत गेलेली असेल तरी सोडा. पाठीवर दोन्ही बाजूंना रुंद चपटे पट्टे झिजलेले दिसले तर त्याने आयुष्यभर दगड खाल्लाय. धार नखावरून अगदी हलक्या हाताने सरकवताना कुठे टच्च अडकली तर बारीक चीर आहे, ती पुढे तुकडा पाडणार. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी कधी कधी आतून सडतात आणि त्यातून निघणाऱ्या वाफेने पातंच गंजतं, मूठ चांगली दिसत असूनही पातं बरोब्बर मुठीच्या आतल्या भागातच गंजलेलं असेल तर तेच कारण. आणि वापरायच्या आधी नीट निर्जंतुक करा, कुणाच्या गालावर फिरलाय माहीत नसतं.

घेऊ नये कुणी? ज्याला सकाळी ७:४० ची लोकल पकडायची आहे त्याने. ज्याचे हात थरथरतात, ज्याला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, तोंडावर पिंपल्स भरपूर आहेत त्यांनीही नको. पैसे वाचतील म्हणून घेत असाल तर तेही मनातून काढा, वस्तरा, पट्टा, ब्रश, धारेचा खर्च मिळून जे होतं त्यात डबल एज ब्लेडं कित्येक वर्षं येतात. डबल एज रेझरने दाढी नव्वद टक्के तितकीच गुळगुळीत होते, हे वस्तरावाले कबूल करत नाहीत पण खरं आहे. उरलेले दहा टक्के मात्र संध्याकाळी गालावरून हात फिरवल्यावर कळतात, आणि मला ते पाहिजे होते.

एक शेवटचं. हा वस्तरा गिफ्ट म्हणून छान दिसतो, पेटीबिटी भारी असते, म्हणून लग्नात नवरदेवाला द्यायचा विचार बरेच जण करतात. द्या, पण धार लावून घेऊन द्या, सोबत पट्टा द्या, आणि लग्न झाल्यावर द्या. मांडवात उभं राहायच्या दिवशीची दाढी सलूनमध्येच.